फिरवला नाही म्हणून

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

परभणीहून पूर्णेकडे पॅसेंजरनं निघालं की पहिलं स्टेशन लागतं पिंगळी. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथं न थांबताच पुढं जातात. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस, सोयाबीन, हिवाळ्यात ज्वारी. आता गावात बैलजोड्याच मोजक्या उरल्यात, मग घोड्यांचं काय विचारता! तरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तीन वर्षांपूर्वी उसनवारी करून माळेगावच्या यात्रेतून एक पांढरी घोडी आणली. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायची, आणि एरवी जपायची. जपायची म्हणून त्यानं रस्त्याकडेचा एकरभर तुकडा तारेनं बंद केला, बोअरचं पाणी दिलं आणि सगळीकडे हत्ती गवत लावलं. गवत कमरेएवढं झालं. घोडी मात्र फाटकाचं बाभळीचं लाकूड कुरतडायला लागली.

एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "गुरुजी, पोटभर गवत हाय, पाणी हाय, सावली हाय. मंग ही लाकूड कामून खाती?" नुसतं लाकूड खात नव्हती. फाटकाच्या आडव्या दांडीवर वरचे दात टेकवायची, मान ताठ करायची आणि हवा गिळल्यासारखा आवाज काढायची. कधी तासन्‌तास एकाच जागी उभी राहून डावी-उजवीकडे झुलायची. दोनदा पोट फुगून आडवी झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर घोडीही गेली आणि कर्जही अंगावर राहिलं, असा सगळा हिशेब. शेजारच्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, "तिला करमत नाही." त्यावर पारावरचे एक आजोबा हसले होते, "जनावराला कसली आलीय करमणूक? उद्या टीव्ही लावशील तिच्यासमोर."

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. घोड्यावर बसलो तो फक्त माझ्या लग्नात, तेही दहा मिनिटं, आणि अयाळ घट्ट धरून. पण मराठ्यांचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाला घोड्याच्या चाऱ्याचा प्रश्न विचारला आणि त्यानं 'मला माहीत नाही' म्हणावं, हे काही बरं दिसेना. घोड्याच्या पाठीवरच तर आपलं अठरावं शतक उभं आहे. म्हणून मी जुन्या कागदांत शोधायला लागलो, की घोड्याला चरायला नुसतं गवत पुरतं, की गवतात आणि रानात काही वैविध्य लागतं?

पहिला धागा मिळाला तो आमच्याच नदीचा. जेम्स ग्रँट डफनं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात दख्खनचं वर्णन करताना तो सांगतो की गोदावरी, भीमा आणि भीमेला मिळणाऱ्या नीरा व माण या नद्यांचे काठ घोड्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेले आहेत, त्यातही नीरा आणि माण अधिक. भीमेच्या थडीचा तो भीमथडी घोडा. आपण परभणीकर गंगथडीचे, म्हणजे गोदाकाठचे, आणि आपलं नाव त्या यादीत आहे, एवढा आनंद मला पुरेसा होता.

आता हे नदीकाठ म्हणजे काय होतं, ते पाहा. ती काही हिरवीगार बंद कुरणं नव्हती. पावसाळ्यात गाळ आणि लव्हाळा, पाणी ओसरलं की हराळी, वर बांधावर मारवेल आणि शेडा, त्याच्याही वर माळावर पवना आणि कुसळी. सुगी झाली की ज्वारीची धसकटं आणि शेतात सांडलेला दाणा. उन्हाळ्यात बोरीबाभळींचा पाला आणि शेंगा. दर दोन महिन्यांनी ताटातलं वाढप बदलायचं आणि त्यासाठी घोड्याला चालत जावं लागायचं. जुन्या कागदांत 'कुरण' हा शब्द येतो खरा, पण ते बहुधा राखीव गवताचं रान असायचं. गवत वाढवायचं, कापायचं, गंजी लावायची. घोडं आत सोडून तार ओढून घेणं, ही कल्पनाच दख्खनला नवी आहे.

मराठ्यांच्या पागेचं वर्षच मुळी दोन तुकड्यांचं होतं. जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदानं लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराची शिस्त दिली आहे. पावसाळ्यात फौजा आपल्या मुलखात छावणीला यायच्या. त्यांच्यासाठी दाणा, वैरण, औषधं आणि घोड्यांसाठी गवतानं शाकारलेली घरं आधीच तयार असायची. दसरा झाला की कूच. पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे चार महिने दावणीला आणि आठ महिने मुलूखभर पायपीट.

या चार महिन्यांची काळजी किती होती, ते महाराजांच्या एका पत्रातून दिसतं. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं, चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं हे पत्र मी वर्गात दरवर्षी वाचून दाखवायचो. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही त्यातली गोष्ट मुलांच्या लक्षात राहायची. पण पत्राचा मोठा भाग वैरणीविषयी आहे, हे मलाही या घोडीपायी पुन्हा वाचताना जाणवलं. दाणागवत पावसाळाभर पुरवायचं आहे, आताच मनमानी उधळलंत तर भर पावसात काही मिळणार नाही, उपासानं घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलं आहे. गंजीजवळ आगट्या करू नका, रात्री दिवे ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवत जळेल, इथपर्यंत बारकावा आहे. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो, कारण त्याला ठाऊक आहे की बांधलेलं घोडं स्वतःचं पोट स्वतः भरू शकत नाही. मोकळ्या घोड्याची जबाबदारी रानावर असते. बांधलं की ती आपल्यावर येते.

उरलेल्या आठ महिन्यांचा चारा मात्र परमुलखातून यायचा. त्याच्या नावानं एक करच होता, 'घासदाणा'. चौथ आणि सरदेशमुखी पाठ्यपुस्तकात असतात, घासदाणा बिचारा वगळला जातो. निजामाच्या मुलखात, विशेषतः वऱ्हाडाकडे, नागपूरकर भोसले तो वसूल करत. घोड्यांनी पिकं खाऊ नयेत म्हणून दिलेली रक्कम असा त्याचा सरळ अर्थ. मराठवाड्यानं दोन्ही बाजूंचे घोडे पाहिले आहेत. १७६० ला उदगीर, १७६३ ला राक्षसभुवन, १७९५ ला खर्डा. या लढायांच्या वाटेवरच्या शेतकऱ्याला 'घोड्याच्या चाऱ्यातलं वैविध्य' असं कुणी म्हटलं असतं, तर त्यानं गोफणच उचलली असती. त्याचा हरभरा, त्याचा गहू, त्याची ज्वारी, हेच ते वैविध्य होतं.

शिवाय हे फिरतं जिणं घोड्याला सुखाचंच होतं, असंही समजू नये. मोहिमेत घोडी मरायची ती तलवारीपेक्षा उपासानं आणि थकव्यानं जास्त. पानिपतावर १७६० च्या नोव्हेंबरापासून पुढच्या जानेवारीपर्यंत भाऊसाहेबांची छावणी कोंडली गेली, तेव्हा आधी वैरण संपली. ज्या फौजेचं सगळं बळ फिरण्यात, ती एका जागी अडकली आणि जनावरं भुकेनं मेली. १४ जानेवारी १७६१ ला मराठे लढायला बाहेर पडले, तेव्हा कित्येक घोडे धावण्याच्या अवस्थेत नव्हते.

ही झाली फिरत्या घोड्याची गोष्ट. दुसरी परंपरा बांधलेल्या घोड्याची, आणि ती फार जुनी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षावर एक प्रकरण आहे. तबेला कसा असावा, प्रत्येक घोड्याला स्वतःच्या लांबीएवढी चौरस जागा, खाली लाकडी फळ्या, खाण्याचं भांडं, घोडे, घोड्या आणि शिंगरं वेगवेगळी, हे सगळं त्यात आहे. धान्य, मीठ, तेलतूप, दही, मांसाचा रस आणि हिरवा चारा, असा आहारही सांगितला आहे. घोड्याला कोणकोणत्या चालींनी फिरवायचं, त्याची वर्गवारी आहे. आणि मग एक गंमतीची गोष्ट येते. तबेल्यात माकडं, मोर, ठिपक्यांची हरणं, मुंगूस, चकोर, पोपट आणि साळुंक्या असाव्यात, असं कौटिल्य सांगतो. घोड्याच्या तबेल्यात प्राणिसंग्रहालयच म्हणा ना!

यामागचं कारण त्याच ग्रंथात दुसरीकडे सापडतं. राजवाड्याच्या बंदोबस्ताबद्दल लिहिताना तो म्हणतो की मोर, मुंगूस, हरीण सापाला टिकू देत नाहीत, आणि पोपट-साळुंकी साप किंवा विषाची शंका येताच ओरडतात. म्हणजे हेतू पहारेकऱ्याचा. पण दिवसभर दोरीला बांधलेल्या घोड्याच्या अवतीभवती माकडं उड्या मारताहेत, पोपट बडबडताहेत, हरीण शेजारी उभं आहे, याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नसेल? माझा अंदाज असा, की जुन्या अश्वपालांनी हे पाहिलं असणार आणि म्हणूनच ही चाल टिकली. ती टिकली मात्र दूरवर. चिनी कथेतल्या वानरराजाला स्वर्गात पहिली नोकरी मिळते ती घोड्यांच्या तबेल्यावर. जपानमध्ये निक्को इथं तोशोगू मंदिर आहे. तोंड, कान, डोळे झाकलेली ती तीन प्रसिद्ध माकडं कोरलेली आहेत, ती तिथल्या पवित्र घोड्याच्या तबेल्यावर, कारण माकड घोड्याला राखतं ही तिकडचीही समजूत. गांधीजींची तीन माकडं म्हणून आपण ज्यांना नमस्कार करतो, त्यांचं घराणं असं तबेल्याचं आहे. आणि 'तबेले की बला बंदर के सर' ही हिंदी म्हण तर आपल्याकडेही सर्रास वापरतात.

मोगलांनी बांधलेल्या घोड्याचं ताट बदलतं ठेवलं. आईन-ए-अकबरीत शाही घोड्यांच्या खुराकाचे तपशील आहेत. दाणा, साखर, तूप, गूळ, आणि हंगामात कोवळे हिरवे जव-गहू, ज्याला 'खवीद' म्हणत. पेशवाईतल्या सरदारांनीही हीच रीत उचलली. तोबऱ्यात मसाला, पायात अगाडी-पिछाडी, अंगावर खरारा. खरारा ही साधी गोष्ट नाही बरं. मोकळ्या रानात दोन घोडी समोरासमोर उभी राहून एकमेकींची मान आणि पाठ दातांनी खाजवतात. बांधलेल्या घोड्याला ते मिळत नाही, म्हणून मोतद्दार ते काम हातानं करतो. दोरीनं हिरावलेली एकेक गोष्ट माणसाला अशी मजुरी देऊन परत आणावी लागते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्या हिंगोलीत सापडतं. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. इथं आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, निजामाच्या खर्चानं आणि इंग्रजांच्या हुकमाखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. रिसाले शिलेदारी पद्धतीचे, म्हणजे घोडा स्वाराच्या मालकीचा. मेला तर नुकसान त्याचं. आमचा हा वरातीचा पोरगा तसा शिलेदारच म्हणायचा. या रिसाल्यांत घोडा दावणीला असायचा आणि त्याच्यासाठी 'घसियारा' नावाचा माणूस असायचा, दोन स्वारांमागं एक आणि त्याच्याकडे एक तट्टू. तो पहाटे खुरपं घेऊन निघायचा आणि मैल-मैल फिरून बांधाबांधावरची हराळी मुळांसकट खुरपून, झटकून, धुऊन भारा घेऊन यायचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी घसियाऱ्याबद्दल बरंच लिहिलं आहे, बहुतेक त्याच्या लबाडीबद्दल. पण त्याच्या भाऱ्यात दहा बांधांवरचं गवत असायचं. हराळीबरोबर मारवेल यायचं, केना यायचा, एखादी रानभाजी यायची. घोडा फिरायचा नाही, त्याच्या ऐवजी माणूस फिरायचा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे लष्कराची स्वतःची गवताची शेतं आली, मोजून-मापून एकसारखं गवत मिळायला लागलं. तोवर घोडाही बदलला होता. अंगानं लहान, काटक दख्खनी घोडा इंग्रजांना ठेंगणा वाटायचा. त्यांनी ऑस्ट्रेलियातून वेलर घोडे आणले. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्यातून निघालेल्या डेक्कन हॉर्स रिसाल्यानं १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत घोड्यांवरून हल्ला चढवला. महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. निजामाच्या राज्यात अमीर-उमरावांना फौज सांभाळण्यासाठी दिलेल्या मोठ्या जमिनींना 'पायगा' म्हणत. हा शब्दही आपल्या 'पागे'चाच भाऊ. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. ज्या घोड्यांच्या नावानं जमिनी दिल्या होत्या ते घोडे गेले. गायरानांवर घरं आणि पिकं आली. उरला तो वरातीचा घोडा, तारेच्या कुंपणात.

एवढं सगळं वाचून झालं तरी घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते मला पशुवैद्याशिवाय कळलं नसतं. आमच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या एका डॉक्टरांना मी भेटलो. त्यांनी आधी हत्ती गवताचं ऐकून डोक्याला हात लावला. या गवतात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. गाय-म्हैस रवंथ करणारी, तिच्या कोठ्यातले जंतू बरंचसं ऑक्झलेट मोडून टाकतात. घोड्याला ते तेवढं साधत नाही. महिनोन्‌महिने तेच एक गवत दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, आणि पुढं लंगडणं, तोंडाची हाडं सुजणं सुरू होतं. म्हणजे वैविध्य ही चैन नव्हे, निदान या गवताच्या बाबतीत तरी.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती पोटाची. आपण शेतकरी घोड्याला गाईसारखं समजतो. दोन वेळा पेंढी टाकली की झालं. गाय भरभर खाते आणि बसून रवंथ करते. घोड्याचं जठर शरीराच्या मानानं लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत झरत असतं, खाणं असो वा नसो. चावताना सुटणारी लाळ ते शमवते. म्हणून मोकळं घोडं दिवसरात्रीतले चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत, दोन पावलं टाकत, पुन्हा चरत राहतं. तोडलेलं जाड गवत समोर आलं की पोट लवकर भरतं, पण तोंडाचं आणि पायांचं काम उरतंच. ते मग लाकडावर जातं. झुलण्यात जातं.

साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या डेबोरा गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तबेल्यातल्या घोड्यांवर असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच प्रकारचा चारा समोर असला की घोडे खाली अंथरलेल्या पेंढ्यात तोंड घालत. अनेक प्रकारचा चारा ठेवला की ते याचं थोडं, त्याचं थोडं करत चरण्यातच अधिक वेळ घालवत. घसियाऱ्याचा भारा मला तेव्हा आठवला.

पोराच्या एकरात अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मालकानं सगळीकडे सारखंच गवत लावलं, पण घोडीनं त्याचे दोन भाग पाडले होते. एका बाजूला जमिनीलगत खाऊन टक्कल पाडलेलं, दुसऱ्या बाजूला लीद टाकलेली आणि गवत जसंच्या तसं. ओडबर्ग आणि फ्रान्सिस-स्मिथ या संशोधकांनी १९७६ मध्ये हेच नोंदवलं आहे. घोडं लीद टाकलेल्या भागात चरत नाही. पोटातल्या जंतांपासून बचावाची ही त्याची सोय. मोकळ्या मुलखात ते पुढं निघून जातं. एकरात पुढं जायला जागाच नाही. मग टक्कल पडलेलं अर्ध अधिकच खरवडलं जातं, माती पोटात जाते, पोट दुखतं.

त्या रात्री घरी येताना मला एकदम माझ्या आजीचं कोडं आठवलं आणि मी रस्त्यातच हसलो. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तीनही प्रश्नांचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. हिंदीतही हे कोडं आहे आणि तिकडे ते अमीर खुस्रोच्या नावावर सांगतात. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला हे उत्तर पाठ असतं. मी मात्र त्यासाठी कौटिल्यापासून साउथॅम्प्टनपर्यंत जाऊन आलो!

या कोड्याप्रमाणं आजही जगणारा एक घोडा महाराष्ट्रात आहे, तो धनगरांचा. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतले मेंढपाळ पावसाळ्यानंतर वाडा हलवतात, काही कोकणापर्यंत उतरतात आणि पावसाच्या आधी माघारी फिरतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, अंथरुणं, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी एखादं पोर. रात्री पायबंद घालून सोडलं की घोडं धसकटात, बांधावर, ओढ्याच्या कडेला जे मिळेल ते वेचत चरतं. हाच तो भीमथडी. करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं गेल्या काही वर्षांत त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. राजेरजवाड्यांच्या पागांतून जे टिकलं नाही, ते मेंढ्यांमागं चालत टिकलं. देशात २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती, २०१९ मध्ये ती तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास उरली, हे लक्षात घेतलं म्हणजे या टिकण्याची किंमत कळते.

धनगरांच्या या रीतीत आणखी एक शहाणपण आहे. घोड्यानं सोडलेलं गवत मेंढी खाते, आणि घोड्याचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटात जगत नाहीत. मेंढ्या फिरल्या की रान घोड्यासाठी पुन्हा स्वच्छ होतं. परदेशात आता हे सल्ल्यानं करतात. जेमी जॅक्सन या अमेरिकी नालबंदानं तिकडच्या रानटी घोड्यांच्या वाटा अभ्यासल्या आणि २००६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. घोड्याला मधलं सबंध शेत देऊ नका, कडेकडेनं वाट आखा, पाणी एका टोकाला, वैरण दुसऱ्या, मीठ तिसऱ्या, म्हणजे ते चालत राहील. गाडीतून जाताना मेंढपाळांचा वाडा दिसला की मला वाटतं, जॅक्सनसाहेबांना हे दाखवायला हवं होतं.

पोराला आम्ही काय सांगितलं? हत्ती गवत गाई-म्हशींसाठी ठेव आणि ते एका बाजूला कर. बाकी तुकड्यात मारवेल येऊ दे, बांधावरची हराळी तणनाशकानं जाळू नकोस. कुंपणाच्या कडेनं आठ-दहा हात रुंद वाट सोड आणि मधला भाग आलटून पालटून खुला कर. पाणी एका कोपऱ्यात, ज्वारीचा कडबा दुसऱ्या कोपऱ्यात थोडा थोडा. एका भागात मुरूम टाक, कारण काळ्या मातीच्या चिखलात चार महिने उभं राहून खूर सडतात. पण वैविध्य म्हणून वाटेल ते लावायचं नाही. शोभेची कण्हेर आधी उपट, कारण तिची मूठभर पानंही घोड्याला पुरतात. एरंड नको, धोतरा नको, गाजरगवत तर नकोच. आणि तिला सोबत दे. दुसरी घोडी परवडत नसेल तर निदान शेळ्या. हे शेवटचं ऐकून पारावरचे आजोबा म्हणाले, "म्हणजे माकड नाही तर शेळी, असंच ना?" मी त्यांना कौटिल्य सांगितला होता, तो त्यांनी बरोबर लक्षात ठेवला होता.

पोरानं सगळं केलं नाही. कोण करतं! मुरूम महाग पडला. पण कडेची वाट केली, दोन शेळ्या सोडल्या, आणि रब्बीची ज्वारी निघाल्यावर रोज सकाळी दोन तास घोडीला धसकटात फिरवायला लागला. सुरुवातीला ती शेताच्या मधोमध उभी राही, जणू तार अजून तिथंच आहे. चार-पाच दिवसांनी खाली मान घालून पावलं टाकायला लागली. त्यानंतर पोट फुगून ती आडवी झालेली नाही. झुलणं जवळजवळ थांबलं आहे. फाटकाच्या दांडीवर दात टेकवणं मात्र पुरतं गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ही खोड एकदा जडली की बहुधा जन्माची, कमी होते, जात नाही.

परवा मी सकाळी तिकडून गेलो तर ती बांधाच्या पलीकडे बोरीच्या झुडपाशी होती. ओठांनी काटे चुकवत एकेक पान वेचत होती. पोरगा दोर हातात धरून उकिडवा बसला होता. त्याला कामाला जायचं होतं, उशीर होत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, "ओढ की तिला." तो म्हणाला, "थांबा गुरुजी, खाऊ द्या जरा."